बाबांसाठी घरातलं चॅट

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन आठवडे बोलायचं नाही असं बजावलं. व्हॉट्सअ‍ॅप होतंच, पण मुलुंडला आमच्याकडे पावसाने जोर धरला की इंटरनेट जातं. त्यांची हाक कुणाच्याच कानावर पोचली नाही, हे मला नको होतं. म्हणून इंटरनेटशिवाय, घरातल्या वाय-फायवरच चालणारं चॅट उभारायचं ठरवलं.

जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली होती, त्यावर प्रोसोडी हा चॅट सर्व्हर टाकला, म्हणजे सगळ्यांचे मेसेज इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्राम. यामागचा एक्सएमपीपी, म्हणजे मेसेज पाठवण्याची ठरलेली पद्धत, हे १९९९ सालचं जॅबर. इतकं हलकं की त्या लॅपटॉपलाही सहज झेपतं. खातं उघडलं, बाबा@घर.लॅन. लॅपटॉपवरच गजिम या चॅट प्रोग्राममधून लॉगिन केलं, लगेच झालं. बाबांच्या टॅबलेटवर कन्व्हर्सेशन्स हे चॅट अ‍ॅप होतं, त्यावरून मात्र काही केल्या होईना.

आधी पोर्ट पाहिला, म्हणजे प्रोग्रामचा आत यायचा क्रमांकित दरवाजा. प्रोसोडी ५२२२ वर ऐकत होतं, पण बाहेरची जोडणी अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये फक्त एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॅपटॉप चालवायची वाट, उघडं होतं. मशीनची स्वतःशीच होणारी बोलणी फायरवॉल अडवत नाही, म्हणून गजिम चाललं होतं. पोर्ट उघडला, तरी टॅबलेट ढिम्म!

मग लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, वाचायला बसलो. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती. तिथे लिहिलं होतं, ‘होस्ट अननोन’. टॅबलेटला घर.लॅन हे नाव सापडत नव्हतं, म्हणून मी खात्यात @ च्या पुढे थेट आयपी, म्हणजे लॅपटॉपचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता, टाकला होता, १९२.१६८.१.७. सर्व्हर म्हणत होता, या नावाचं इथे कुणी नाही. चाळीत खोली बदलली तरी माणसाचं नाव तेच राहतं, तसं खात्याचं नाव आणि मशीनचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कन्व्हर्सेशन्सच्या तज्ज्ञ सेटिंगमध्ये होस्ट आणि पोर्ट वेगळे भरता येतात. खातं घर.लॅनचंच ठेवलं, होस्टच्या जागी आयपी भरला. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट आपणच बनवलेलं, त्यामुळे इशारा आला. सर्टिफिकेटचा ठसा, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अक्षरं-आकडे, सर्व्हरवरच्याशी ताडून पाहिला आणि स्वीकारला. राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपीही कायमचा बांधून टाकला, नाहीतर लाइट जाऊन आली की तो बदलायचा.

शनिवारी धो धो पाऊस, इंटरनेट गेलं. बाबा पलंगावर टॅबलेट घेऊन बसलेले, आणि माझ्या फोनवर काहीच नाही. वाय-फायवर इंटरनेट दिसेना म्हणून फोन आपणहून मोबाइल डेटावर गेला होता. डेटा बंद केला, ‘तरीही जोडलेले राहा’ निवडलं, तोच मेसेज आला:

‘कधीचं सांगतोय, उशी जरा उंच कर.’