आप्पांच्या गुळाची वारी

आमच्या दिंडीत टाळकऱ्यांच्या तिसऱ्या रांगेत डाव्या हाताची एक जागा यंदा मोकळी ठेवली होती. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. गाव सोडून चिकोडीच्या रस्त्याला लागलो, मागं बायकांच्या घोळक्यात डोक्यावरची तुळस सावरत मी सहज पुढं बघितलं, तेव्हा दिसलं. शेजारचे काका एकटेच टाळ वाजवत होते, पण पावलं दोघांची जागा सोडून टाकत होते. सव्वीस वर्षं तिथं आप्पा चालले.

आप्पा माघात गेले. गुऱ्हाळ चालू होतं, हंगाम ऐन भरात होता. शेवटच्या आठवड्यात दोनच गोष्टी बोलले, उसाचे पैसे कुणाचे ठेवू नका आणि वारी चुकवू नका. उसाचे पैसे दादानं भागवले. वारी पोचवायची मी ठरवलं. धाकटी लेक, सासर बेळगावात, पायाला चपलेशिवाय जमीन माहीत नाही. नऊ दिवस चालायचं म्हटल्यावर आई नुसती बघत राहिली. मग उठून तिनं त्यांची पडशी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी अंकली आली. लहानपणी आप्पांनी मला इथं घोडे बघायला आणलं होतं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे अश्व या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. हैबतबाबांनी 1832 साली पालखी सोहळा सुरू केला, तेव्हापासूनचा हा मान. घोडे इथून चालत आळंदीला जातात, यंदाही आमच्या आधीच गेले होते. दोन घोडे असतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी बसत नाही. मी तेव्हा विचारलं होतं, ‘आप्पा, ह्याचा माणूस कुठं गेला?’ ते म्हणाले, ‘बसलाय की. तुला दिसंना झालाय एवढंच.’ त्या संध्याकाळी कृष्णेच्या पुलावरून चालताना तिसऱ्या रांगेतल्या त्या मोकळ्या जागेवरून माझी नजर हलेना.

आमच्या घरी दोन पिढ्या तंबाखू. माल आपला, भाव व्यापाऱ्याचा, आणि पैसे तो देईल तेव्हा. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींच्या मागं निपाणीत हजारो शेतकरी महामार्गावर बसले, त्यात पंचविशीतले आप्पा होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. आदल्या रात्री जनावरांच्या वैरणीला घरी आले म्हणून माझा लेक वाचला, असं आजी सांगायची. आप्पा त्याबद्दल फार बोलत नसत. पण जो माल दुसऱ्याच्या दारात नेऊन हात जोडावे लागतात तो पिकवायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं. तीन वर्षांनी आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि माळावर गुऱ्हाळ उभं राहिलं. चरक जुना, इंजिन जुनं, काहील तेवढी नवी.

त्यांना मी सगळ्यात जवळून बघितलं ते काहिलीपाशी. भेंडीच्या पाण्यानं मळी वर यायची, ती निघाली की रसाचा रंग उघडायचा. जळव्या चुलवाणात चिपाडं सारायचा. फेस जड झाला, बुडबुडे फुटायला वेळ लावू लागले की आप्पा गुळव्याच्या शेजारी येऊन उभे राहायचे. काठीच्या टोकावरचा पाक गार पाण्यात बुडवायचा, बोटांनी गोळी वळायची आणि परातीच्या काठावर आपटायची. आवाज ऐकताना ते डोळे मिटायचे. पाक 118 अंशांच्या आसपास गेला की गुळाला येतो, हे मी पुढं कॉलेजात वाचलं. घरी येऊन थर्मामीटर लावून बघितला, तर आप्पांच्या गोळीत आणि त्यात अंशाचाच काय तो फरक.

बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो. त्यासाठी रसात हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पूड, टाकतात. आप्पांनी कधी टाकला नाही. आमचा गूळ तांबूस काळा, सौद्यात त्याला क्विंटलमागं कमीच मिळायचे. दादा चिडायचा. आप्पा म्हणायचे, ‘हाच गूळ माझी पोरं खात्यात. लोकांच्या पोरांस्नी येगळा कशाला करू?’ मला हे फार मोठं वाटतं. त्या कमी भावातच त्यांनी आम्हा तिघांना शिकवलं, मला बेळगावला हॉस्टेलवर ठेवलं, आणि हंगामात गड्यांची पंगत उठल्याशिवाय स्वतः ताट घेतलं नाही.

दिंडीला दरवर्षी गुळाचे चार रवे, म्हणजे ढेपा, जायचे, तीस किलोचा एकेक. यंदा दुःखात आम्ही सगळेच ते विसरलो. पहिल्या पहाटे काकड्यानंतर आचारी मावशींनी दुकानातला गूळ घातला आणि दूध फुटलं. मग साखरेचा चहा. कुणी काही बोललं नाही. मला तो घोट गिळवेना.

कागवाडला दुपारचं जेवण एका कानडी घरी असतं. ‘बर्री, ऊटा माड्री’ म्हणत घरातल्या आज्जी दारात उभ्या होत्या. बायकांना वाढून झाल्यावर त्यांनी दिंडीकडं नजर फिरवली आणि विचारलं, ‘बेल्लद आप्पा यल्ली?’ गुळाचे आप्पा कुठं आहेत? काकांनी खाली मान घालून सांगितलं. आज्जी आत गेल्या, डबा घेऊन आल्या. तळाशी मुठीएवढा गूळ होता, मागच्या आषाढातला. प्रत्येकीच्या ताटात त्यांनी चिमूट चिमूट ठेवली. मी कोण हे तोवर त्यांना माहीतही नव्हतं.

मी दादाला फोन लावला. मिरजेच्या मुक्कामाला तो रात्री मोटारसायकलवर आला, मागं बारदानात बांधलेला एकच रवा. ‘पौषातला. आप्पांनी गोळी बघितलेलं शेवटचं आदण. बाकीचे गेले, हा आईनं फडताळात ठेवला होता.’

मिरज सोडली की ऊस मागं पडतो. नागजच्या बाजूला ऊन आणि वारा, पायाला फोड, आणि फोडावर मावशींनी लावलेलं तेल. चहा आता पुन्हा तांबूस झाला होता. दूध फुटलं नाही. रवा दररोज वरून झिजत होता आणि मी दररोज तो बघायला सामानाच्या टेंपोत चढत होते. सांगोल्यात तो अर्ध्यावर आला. मावशींना म्हणाले, जरा जपून वापरा. त्या म्हणाल्या, ‘तुज्या बानं कधी मोजून दिला न्हाई पोरी, मी मोजून घालू व्हय?’

पंढरपुरात रांग लांब होती, मी मुखदर्शन घेतलं आणि कळसाला हात जोडले. चंद्रभागेच्या वाळवंटात काकांनी आप्पांचे टाळ माझ्या हातात दिले. वाजवता येत नव्हते, तरी वाजवले.

द्वादशीला पारण्याच्या खिरीत उरलेला गूळ गेला. मावशींनी बारदान झटकलं, कडेला चिकटलेले खडे बोटानं काढून माझ्या तळहातावर ठेवले, बारदानाची चौघडी केली आणि पडशीत घातली.

‘कार्तिकात चुलवाण पेटंल न्हवं?’ त्यांनी विचारलं.

‘पेटेल. दादा आहे, मी पण जाईन.’

‘मग गोळी कोण बघणार?’

मी तळहातावरचा खडा तोंडात टाकला. उत्तर द्यायच्या आत टाळ वाजला, आमची दिंडी प्रदक्षिणेला उभी राहिली होती.