भाकड दिवस

ट्रेकच्या वेळापत्रकात पाचव्या दिवसापुढे एकच शब्द छापलेला होता, ‘विश्रांती’. बाकीच्या दिवसांपुढे खिंडी, उंची, किलोमीटर, चढाईचे तास अशी भरगच्च माहिती, आणि हा एक दिवस आपला भाकड. पैसे भरतानाच ती ओळ मला खटकली होती. विश्रांतीच घ्यायची तर घर काय वाईट होतं?

कारण होतं म्हणा. तीन हजार मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम आहे तिथेच काढायचा, असा उंच डोंगरातला दंडक आहे. विरळ हवेची सवय व्हायला शरीर त्याचा त्याचा वेळ घेतं, आपल्या उत्साहाला ते विचारत नाही. आमच्या गटातली दोन पोरं रोज पळत चढायची आणि पोचल्यावर बाकीच्यांची वाट बघत गाणी म्हणायची. चौथ्या संध्याकाळी सगळ्यात आधी डोकं धरून बसली ती हीच दोघं. माझी ताई मात्र पहिल्या दिवसापासून मुंगीच्या पावलांनी येत होती. रोज शेवटून पहिला नंबर, पण डोकं ठणठणीत.

“चल, तळ्याला एक चक्कर मारून येऊ,” ती म्हणाली. “तासाभरात येऊ परत.”

तळं तंबूंच्या खालीच होतं. हिमनदी खडकावरून सरकताना त्याचं अगदी पिठासारखं बारीक चूर्ण करते, ते ओढ्यातून वाहत येतं आणि पाण्यात तरंगत राहतं. सूर्यप्रकाश त्या कणांवरून विखुरतो, म्हणून अशा तळ्यांना तो दुधाळ निळा-हिरवा रंग येतो. फोटोत तो बघून मी नेहमी म्हणायचे, रंग वाढवलेत मेल्यांनी. त्या सगळ्या फोटोवाल्यांची मी त्या सकाळी मनातल्या मनात माफी मागितली.

सपाट वाटेवर चालताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की चार दिवसांत मी डोंगर पाहिलेलेच नव्हते. चढावर माणसाची नजर पुढच्याच्या टाचांवर असते. आमच्या लीडरच्या डाव्या बुटाची शिवण कुठे उसवलीय आणि त्यावर चिकटपट्टी किती वेढे गुंडाळलीय, हे मी झोपेतही सांगू शकले असते. इथे दम लागत नव्हता, त्यामुळे मान वर करता येत होती, बोलताही येत होतं. आणि तळ्याभोवतीच्या वाटेला पोचायचं असं ठिकाण नसतं. निघालो तिथेच परत यायचं, मग घाई कशाची?

पहिल्याच वळणावर ताईनं माझा दंड धरला. “थांब. हलू नकोस.”

पाण्यात टिबुकली होती. नेहमीची छोटी नव्हे, डोक्यावर काळी शेंडी आणि गळ्याभोवती तांबूस झालर असलेली मोठी टिबुकली. पाठ जरा फुगलेली वाटली म्हणून दुर्बीण लावली, तर पंखांमधून दोन डोकी बाहेर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, थेट झेब्र्याची पिल्लं वाटावीत अशी. आईबापांपैकी एक जण पिल्लांना पाठीवर घेऊन तरंगत होता आणि दुसरा मासे आणायला बुड्या मारत होता. आई कोण नि बाप कोण, ते ओळखण्याची सोय नाही. दोघं दिसायला सारखेच.

मग आमचा खेळ सुरू झाला. पक्षी बुडाला की ताई मोजायला लागायची आणि तो कुठे वर येणार ते मी बोटानं दाखवायचं. “तेवीस, चोवीस, पंचवीस...” पंचवीस-तीसच्या आसपास तो वर यायचा, आणि दर वेळी मी दाखवलेल्या जागेच्या भलतीकडेच. अकरापैकी अकरा वेळा हरले. ताईनं हिशेब ठेवला होता, म्हणून आकडा पक्का.

एकदा तो रिकाम्या चोचीनं वर आला. मान वळवून त्यानं स्वतःच्याच छातीवरचं एक बारीक पीस उपटलं, पाण्यात जरा बुचकळलं आणि पिल्लाच्या चोचीत दिलं. पिल्लानं ते गिळलंसुद्धा! मला वाटलं, मासा मिळाला नाही म्हणून बिचारा समजूत काढतोय. पण टिबुकल्यांची ही रीतच आहे. त्या स्वतः पिसं खातात आणि पिल्लांनाही भरवतात. माशांचे काटे पोटात टोचू नयेत म्हणून पिसांचं अस्तर होत असावं, असं जाणकार मानतात.

हीच मऊ पिसं तिच्या जिवावर उठली होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बायकांच्या टोप्यांसाठी आणि गळपट्ट्यांसाठी या टिबुकल्या इतक्या मारल्या गेल्या, की तिथे त्यांच्या जेमतेम काही डझन जोड्या उरल्या. पिसं मिरवण्याच्या या फॅशनविरुद्ध १८८९ साली मँचेस्टरजवळ काही बायकांनीच एक मंडळ काढलं. ब्रिटनमधली आजची पक्षी-संरक्षणाची सर्वांत मोठी संस्था त्यातूनच वाढली. ताईला हे सांगितलं तर तिनं आपली लोकरी टोपी काढून निरखून पाहिली. “ही मेंढीची आहे ना गं?”

तास केव्हाच उलटून गेला होता आणि आम्ही चक्करचा पावसुद्धा संपवला नव्हता.

पुढे दगडांचा उतार होता. तिथे ताईला पाय पाण्यात सोडून बसायची हुक्की आली. तिनं काठी मागच्या खडकाला टेकवून ठेवली आणि पाय बुडवले. दहा सेकंदांत ओरडून बाहेर काढले, परत बुडवले. तेवढ्यात वरून शिट्टी ऐकू आली, लांब आणि कर्कश. मी हाका मारायला कोणी आलंय का बघायला लागले. शिट्टी मार्मोटची होती, म्हणजे डोंगरात बिळं करून राहणाऱ्या, खारीच्या थोराड भावंडाची. कोल्हा किंवा गरुड दिसला, किंवा आमच्यासारखं कोणी फार जवळ आलं, की पहाऱ्यावरचा मार्मोट ओरडतो आणि सगळं कुटुंब बिळात उड्या घेतं. आम्ही गप्प बसून राहिलो. पाचेक मिनिटांनी एक डोकं वर आलं, मग दुसरं. मांजरापेक्षा मोठी, थुलथुलीत जनावरं. लठ्ठपणाला कारण आहे. वर्षातले निम्म्याहून जास्त महिने ती बिळात एकमेकांना बिलगून झोपतात आणि तो सगळा काळ उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर काढतात. विश्रांतीचे पैसे वसूल करणं यांच्याकडून शिकावं.

आम्ही समोरच्या मार्मोटांकडे बघण्यात दंग, आणि पाठीमागून कुरुकुरु आवाज. एक महाशय खडकाच्या आडून येऊन ताईच्या काठीचा पट्टा दोन्ही हातांत धरून खात होते. हातभर अंतरावर. पुढचे दोन लांब पिवळट दात, मिशांवर मातीचे कण, आणि डोळे मिटायच्या बेतात आलेले. चार दिवसांचा घाम मुरलेला पट्टा होता तो! डोंगरात मीठ दुर्मीळ, त्यामुळे घामट वस्तूंवर यांचा भारी जीव. कॅलिफोर्नियातल्या मिनरल किंग नावाच्या खोऱ्यात तर मार्मोट गाड्यांच्या खाली शिरून नळ्या आणि तारा कुरतडतात, म्हणून लोक अख्खी गाडी ताडपत्रीत गुंडाळून ठेवतात.

“हाकल ना गं त्याला,” ताई कुजबुजली.

“तूच हाकल. काठी तुझी आहे.”

दोघींपैकी कोणीच हललं नाही. पट्टा तुटल्यावर तो आपणहून निघून गेला.

दुपारी वारा सुटला. उन्हानं उतार तापले की त्यांच्यालगतची हवा वर चढायला लागते आणि तिच्या मागोमाग दरीतून वारा येतो. तळ्याचं पाणी आधी पलीकडच्या टोकाला शहारलं, मग ते शहारणं सरकत आमच्यापर्यंत आलं आणि डोंगराचं प्रतिबिंब पुसलं गेलं. टिबुकल्या लव्हाळ्यात शिरल्या. उरलेली तीन पाव चक्कर आम्ही बऱ्यापैकी चालत पुरी केली, तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं नाक मात्र भाजून निघालं. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात हे मला ठाऊक होतं, मलमाची बाटली मात्र तंबूत होती.

संध्याकाळी त्या दोन पोरांपैकी एकानं माझ्या घड्याळात डोकावलं. “काकू, दिवसभर बाहेर होतात आणि फक्त पाच हजार पावलं?”

“त्यातली निम्मी अनवाणी,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परत टाचा सुरू. ताईच्या काठीला पट्ट्याच्या जागी आता बुटाची जादा नाडी होती. खिंडीत पोचल्यावर सगळे फोटोसाठी फलकापाशी गोळा झाले. आमच्या नंबराला अवकाश होता. खाली, खूप खाली, नखाएवढं तळं दिसत होतं. तिथला पक्षी इथून दिसणं शक्यच नव्हतं, तरी ताईनं दुर्बीण काढून डोळ्यांना लावली.

“दिसतंय काही?” मी विचारलं.

“श्श,” ती म्हणाली. “एकवीस, बावीस, तेवीस...”