गलिव्हरनं आग विझवली कशी?

‘मुलांना अभिजात पुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्या द्याव्यात, की मूळ वाचण्याएवढी मोठी होईपर्यंत थांबावं?’ वाचनालयाच्या बालविभागात बसते, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत हा प्रश्न ठरलेलाच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: खुशाल द्या. फक्त आतलं काय गाळलंय, ते आधी चाळून बघा.

जोनाथन स्विफ्टचं १७२६ सालचं ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’च घ्या. गलिव्हर हा प्रवासी लिलिपुट या वीतभर उंचीच्या माणसांच्या देशात पोचतो. तिथल्या राजवाड्यात राणीच्या महालाला आग लागते. का, तर तिची एक दासी कादंबरी वाचता वाचता झोपली! (हा तपशील गाळणाऱ्याला माझ्याकडून माफी नाही.) लोक बादल्या आणून देतात, पण त्या अंगुस्तानाएवढ्या. आदल्या संध्याकाळी गलिव्हरनं भरपूर वाइन ढोसलेली असते. तो सरळ महालावर लघवी करतो आणि तीन मिनिटांत आग विझते. पण राजवाड्याच्या आवारात लघवी करणं हा तिथं देहदंडाचा गुन्हा. राणीला इतकी किळस येते की ती दुसऱ्या टोकाला राहायला जाते. पुढं गलिव्हरवर आरोपपत्र तयार होतं, त्यातलं पहिलं कलम हेच. शिक्षा ठरते डोळे फोडण्याची, आणि तो पळ काढतो.

मुलांसाठीच्या काही आवृत्त्यांत मात्र तो टोपीत पाणी भरून आणतो. झालं सगळं सभ्य. पण मग राणी चिडली कशावर? आग विझवणाऱ्यावर खटला कसला? आठ-नऊ वर्षांचं पोर नेमकं हेच विचारतं. मोठ्यांना लाज वाटली आणि गोष्टीचा सांधा निखळला. मुलांना कसलं आलंय लघवीचं वावडं? त्यांचे निम्मे विनोद त्यावरच असतात.

कापायचं कसं, ते चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावंडांकडून शिकावं. त्यांनी शेक्सपिअरची वीस नाटकं मुलांसाठी गोष्टीरूपात आणली, १८०७ साली. (जास्त गोष्टी मेरीच्या, मुखपृष्ठावर नाव एकट्या चार्ल्सचं. असो.) ‘किंग लिअर’मधलं ग्लॉस्टर या सरदाराचं उपकथानक त्यांनी जवळजवळ सगळंच बाजूला ठेवलं, पण लिअर राजाच्या धाकट्या मुलीचा, कॉर्डेलियाचा मृत्यू ठेवला. गंमत म्हणजे त्या काळात लंडनच्या रंगभूमीवर मोठ्यांसाठी जो ‘लिअर’ व्हायचा, त्यात ती जगायची आणि तिचं लग्नही लागायचं! नेहम टेट या कवीनं १६८१ मध्ये केलेला तो गोड शेवट दीडशेएक वर्षं चालला. म्हणजे खरी शोकांतिका मुलांच्याच हाती पडली.

गलिव्हरच्या चार सफरींपैकी मुलांच्या पुस्तकांत बहुधा पहिल्या दोनच असतात. त्याला माझी हरकत नाही. शहाण्या घोड्यांच्या देशातली चौथी सफर, जिच्यात माणूसच ओंगळ जनावर ठरतो, ती पंधरा-सोळाव्या वर्षी मुळातून वाचलेली बरी. पण दोन सफरी गाळल्यात, एवढं तरी पुस्तकावर स्पष्ट छापलेलं असावं.