ए-३८०चा पंख अखेर उचलला, आणि फळ्याचा बेत बदलला

मंडळी, माझ्या ए-३८०च्या (एअरबसचं दुमजली प्रवासी विमान) १/१४४ मापाच्या, म्हणजे १४४ पट लहान, प्लास्टिक मॉडेलचे दोन्ही पंख बसले. टोकं टेबलापासून सारख्याच उंचीवर आहेत, आणि रात्रभर ठेवून सकाळी पट्टी लावली तरी उंची तीच. मागच्या अपडेटमध्ये फ्यूजलाज (विमानाचं धड) जोडून, शिवण घासून झाली होती. त्यानंतरचा सगळा वेळ या पंखांनीच खाल्ला.

हे किट ज्यांनी केलंय त्यांना दुखणं माहीत आहे. पंखाचे वरचे-खालचे भाग किंचित पिळलेले येतात, मुळाशी नख जाईल एवढी फट राहते आणि पंख धडात अडकवणारी आतली जीभ इतकी आखूड की एवढा मोठा पंख तिला पेलतच नाही. त्यात साच्यातला पंख जमिनीवर उभ्या विमानाचा, इंधनाच्या वजनाने खाली झुकलेला. मला विमान हवेत हवंय, चाकं आत घेतलेलं. हवेत ए-३८०चा पंख मुळापाशी झपकन वर चढतो, मधे जरा सपाट होतो आणि टोकाकडे परत उचलतो. ते दुहेरी वळण नसेल तर बाकी सगळं अचूक असूनही समोरून ते ए-३८० वाटत नाही.

गरम पाण्यात धरून वाकवलं, तर तासाभरात निम्मं वळण परत गेलं. मुळातून पितळी नळी घातली, तर सगळा भार नळीच्या टोकाशी येऊन फटी भरायच्या पुट्टीला तडा. त्यात बडोद्याचा मे महिना आणि गच्चीखालची खोली. दोन भागांची पुट्टी कालवून होईपर्यंत घट्ट व्हायला लागते. ऑनलाइन मागवलेली ट्यूब तर अर्धी वाळूनच आली. पुट्टी दुकानात जाऊन, ट्यूब दाबून बघूनच घ्यावी, असं माझं ठाम मत झालंय.

वाट सापडली ती उत्तरायणात इथल्या गेंडीगेटच्या बाजारातून आणलेल्या पतंगांत. फाटलेल्या पतंगाची कमान हातात घेतली आणि लक्षात आलं की कारागिराने ती मधे जाड ठेवून दोन्ही टोकांकडे तासत नेलेली असते. पंखाच्या कण्याला नेमकं हेच लागतं. कमान मधोमध कापली, जाड टोकं फ्यूजलाजमधल्या लाकडी ठोकळ्यात पंखांच्या तिरकसपणाला जुळतील अशी बसवली आणि पंखाच्या खालच्या भागात आतून खाच पाडून तिच्यात बांबू अराल्डाइटने पुरला. खरी युक्ती पुढे आहे. ठोकळे लावून वळणाचा जिग (भाग हव्या आकारात धरून ठेवणारा साचा) केला आणि वरचा भागही जिगवर असतानाच चिकटवला. दोन्ही थर वाकलेल्या अवस्थेत एकमेकांना जखडले गेले की त्यांना सरळ व्हायला वावच उरत नाही. कडांना तामियाचं एक्स्ट्रा थिन, म्हणजे पातळ गोंद. त्याला तोड नाही. मुळाशी आता प्रायमरखाली केसभर रेघही दिसत नाही. बोट फिरवून फिरवून बघतोय.

एवढे दिवस हा पंख हाताळताना त्याची रुंदी डोळ्यांत भरत गेली. या विमानाचं कार्यक्षमतेचं गणित तिथेच अडलंय. विमानतळावर विमानाच्या रुंदीला ८० मीटरची चौकट (मर्यादा), म्हणून पंखविस्तार ७९.७५ मीटरवर थांबवला. पुढे याहून लांब ए-३८० काढायचं ठरलं होतं, म्हणून क्षेत्रफळ मात्र ८४५ चौरस मीटर ठेवलं. ते लांब विमान कधी आलंच नाही. पंखाच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर राहिलं ७.५. बोइंग ७४७-८चं ८.४ येतं, एअरबसच्याच ए-३५०-१०००चं ९. पंख जितका लांब आणि अरुंद, तितका उचल मिळवताना होणारा विरोध कमी. चार इंजिनांचा दोष सगळेच सांगतात; मला पंखाचा दोष तितकाच मोठा वाटतो.

दुसरा हिशेब रिकाम्या वजनाचा. ए-३८० सुमारे २७७ टन. सिंगापूर एअरलाइन्सने २००७ साली ४७१ आसनांनी सुरुवात केली, म्हणजे आसनामागे ५८८ किलो. एमिरेट्सच्या ६१५ आसनांच्या मांडणीत तेच ४५० वर येतं. बोइंग ७७७-३००ईआर सुमारे १६८ टन, ३५४ आसनांना ४७५ किलो. वर्गांची मांडणी वेगवेगळी, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, पण कल कळतो. ए-३८० खचाखच भरलं तरच जिंकतं, आणि रोज एवढी माणसं एकाच वेळेला एकाच गावाला जाणारी मिळायला हवीत.

हे लिहिता लिहिताच मॉडेलं मांडायच्या फळ्याचा बेत बदलतोय. आधी ए-३८० आणि ७४७-८ एवढीच जोडी ठेवणार होतो. आता फळ्यावर दोन चौकटी आखतो: ८० मीटरची ५५.६ सेंमी, आणि त्याखालच्या आकाराच्या विमानांसाठीची ६५ मीटरची ४५.१. आपल्या १/१४४ मध्ये ए-३८० भरतं ५५.४, म्हणजे दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरही मोकळा नाही! ७४७-८ ४७.५, छोट्या चौकटीबाहेर. ए-३५०-१००० आणि ७७७-३००ईआर दोन्ही ४५ च्या आसपास, चौकटीला अगदी खेटून. पाटीवर आकडे लिहायची गरजच नाही, बघणाऱ्याला दिसेल.

दिसण्याचं म्हणाल तर ७४७चा बाक आणि त्यापुढे निमुळतं होत गेलेलं नाक मला आजही सगळ्यांत देखणं वाटतं. इथे बडोद्यात २०२४ साली एअरबसच्या सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना सुरू झाल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एअरबसची बाजू घेतो. तरी ७४७ दिसलं की हात आधी त्याच्याकडेच जातो. ए-३८०चं मोठं कपाळ बाहेरून जड दिसतं, पण आतली शांतता आणि ऐसपैसपणा प्रवाशांना आवडतो. लुफ्थान्सा आणि एतिहादने बाजूला ठेवलेली ए-३८० २०२३ मध्ये परत काढली, यात मला फार आनंद आहे.

चौकटी आखायच्या म्हणजे आता बोइंगचं ७७७-९ सुद्धा आलंच. पंख ७१.७५ मीटर, टोकं दुमडली की ६४.८५, उडताना लांब पंखाचा फायदा आणि गेटवर छोटी चौकट. ७७७-३००ईआरच्या किटला सुमारे २ सेंमीचा तुकडा जोडून फ्यूजलाज होईल, पंख प्लास्टिक शीटमधून कोरायचे. दुमडणारं टोक आपल्या मापात २.४ सेंमीचं, आणि ते खरोखर दुमडलं पाहिजे. बिजागरीला गिटारची सर्वांत बारीक तार घ्यायचा विचार आहे. ती तार जेमतेम आत जाईल अशी बारीक पितळी नळी कुणी वापरली असेल तर माप आणि कुठे मिळाली ते कळवा. ए-३८०चा पांढरा रंग वाळला की लगेच तेच हातात घेतोय.