ऑस्कर-अंदाज, ऑगस्ट 2025: 'दुसरी पसंती'चा रकाना अखेर हलला

व्हेनिसचा चित्रपट महोत्सव 27 ऑगस्टला सुरू होतोय. तिथली पहिली परीक्षणं हाती येईपर्यंत नवी यादी मांडायची नाही, असं मागच्या नोंदीत ठरलं होतं. पण अंदाज बांधायच्या माझ्या स्प्रेडशीटमधला सगळ्यात हट्टी रकाना काल रात्री हलला, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

तो रकाना म्हणजे अर्थातच 'दुसरी पसंती'.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात. 2009 सालच्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मतदान पसंतीक्रमानं होतं. बाकी विभागांत एक सदस्य, एक मत; इथे मात्र नॉमिनेशन मिळालेल्या चित्रपटांना क्रमांक द्यायचे. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा चित्रपट बाद. त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात, आणि कुणीतरी निम्मा आकडा ओलांडेपर्यंत हेच चालू राहतं. पदवीधर मतदारसंघाची मोजणी ज्यांनी पहाटेपर्यंत जागून पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. पण तिथे फेरीगणिक आकडे बाहेर येतात. ऑस्कर देणारी अकादमी एकही आकडा देत नाही. दुसरा कोण आला हेसुद्धा कधी कळत नाही. ज्या गोष्टीवर निकाल ठरतो तिचीच नोंद कुठे नाही, आणि ऑगस्टमधल्या अंदाजाला नेमकी तीच हवी असते.

फेब्रुवारीत हा प्रश्न बराच सोपा होतो. प्रोड्युसर्स गिल्ड ही अमेरिकेतल्या निर्मात्यांची संघटनाही 2009 पासून याच पद्धतीनं मोजते आणि तिचा निकाल आधी लागतो. 'द बिग शॉर्ट', 'ला ला लँड' आणि '1917' या तीन वेळा तो अकादमीशी जुळला नाही. 2013 ला 'ग्रॅव्हिटी' आणि 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' यांना विभागून मिळाला. बाकी दरवर्षी जुळला. पण फेब्रुवारीत अंदाज बांधण्यात आपल्याला रस नाही. कुणी काही पाहिलेलं नसताना, नुसत्या हालचालींवरून ओळखणं हीच खरी मजा.

तर ऑगस्टसाठी काय वापरायचं? समीक्षकांच्या गुणांची सरासरी कुचकामी आहे. सगळ्यांना बऱ्यापैकी आवडलेला आणि निम्म्यांना वेड लावून निम्म्यांना चीड आणणारा, असे दोन चित्रपट सरासरीत शेजारी शेजारी बसतात. पसंतीक्रमात मात्र त्यांचं नशीब अगदी वेगळं असतं. मग लेटरबॉक्स्ड या संकेतस्थळावर प्रेक्षक चित्रपटांना देतात त्या ताऱ्यांचे आलेख घेतले. तिथे निदान विखुरणं दिसतं: किती जणांनी अर्धा तारा दिला, किती जणांनी पाच. पण तिथली गर्दी तरुण आहे, आणि 'ग्रीन बुक'ला जिंकवणारे मतदार त्या गर्दीत भेटत नाहीत.

म्हणून शेवटी खरीखुरी मतं घ्यायची ठरवली. आमच्या पुण्याच्या फिल्म क्लबातल्या सगळ्यांकडून 2024 च्या दहा नॉमिनेटेड चित्रपटांचे क्रम लिहून घेतले आणि अकादमीच्याच नियमानं मोजले. पहिल्या फेरीत 'अनोरा' पुढे. मग तळाचे चित्रपट बाद होत गेले, तसा 'कॉन्क्लेव्ह' वर सरकत राहिला आणि शेवटच्या फेरीत जिंकला. प्रत्यक्षात 'अनोरा'नं पाच ऑस्कर नेले, त्यातले चार एकट्या शॉन बेकरच्या नावावर! तेव्हा वाटलं, आमचा गट अकादमीपेक्षा जरा सौम्य असेल. तेवढा फरक गणितात धरला की झालं. पडताळणीसाठी त्याच गटाकडून 2021 चे दहा चित्रपट घेतले. तिथे 'द पॉवर ऑफ द डॉग' सहज जिंकला आणि 'कोडा' मधल्याच एका फेरीत बाद झाला. खऱ्या मतदानात 'पॉवर'ला 12 नॉमिनेशन्स होती आणि हाती लागलं फक्त जेन कॅम्पियनचं दिग्दर्शनाचं ऑस्कर. 'कोडा'ला जेमतेम तीन नॉमिनेशन्स, तीही दिग्दर्शन किंवा संकलनाशिवाय, आणि तिन्ही जिंकली. म्हणजे एका वर्षी आमचा गट अकादमीपेक्षा सौम्य आणि दुसऱ्या वर्षी अकादमीपेक्षा कडक. चूक एकाच दिशेला असती तर दुरुस्त करता आली असती. दोन्ही दिशांना असल्यावर धरायला काही उरतच नाही. तिथे काम पूर्ण अडलं.

अडल्यावर मी नेहमी शीटची साफसफाई काढतो. या वेळी 'पीपल्स चॉइस'चा, म्हणजे टोरोंटो महोत्सवात प्रेक्षकांच्या मतांनी मिळणाऱ्या पुरस्काराचा, रकाना काढून टाकायचा होता. कारण तुम्हाला माहीत आहे. 2012 ते 2023 तिथला प्रत्येक विजेता सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नॉमिनेशनपर्यंत पोचला होता. मग 2024 ला 'द लाइफ ऑफ चक' जिंकला. त्याच्याकडे तेव्हा अमेरिकेतला वितरकच नव्हता. निऑन या वितरक कंपनीनं तो घेतला आणि या उन्हाळ्यात लावला, त्यामुळे त्या वर्षीच्या शर्यतीत तो उतरलाच नाही. इतका सोपा निकष एका वितरण करारानं मोडत असेल तर ठेवायचा कशाला, असा विचार होता.

खोडण्याआधी जुने निकाल एकदा पुरते पाहून घेतले. टोरोंटो विजेत्यासोबत उपविजेतेही जाहीर करतं. आपण सगळे विजेत्याचं नाव टिपतो आणि पुढे जातो. 2024 चे तीन क्रम असे: 'द लाइफ ऑफ चक', 'एमिलिया पेरेझ', 'अनोरा'. अनोरा तिसरा. 2019: 'जोजो रॅबिट', 'मॅरेज स्टोरी', 'पॅरासाइट'. पॅरासाइट तिसरा. 2015: 'रूम' पहिला, दुसरा पान नलिन यांचा गोव्यात घडणारा 'अँग्री इंडियन गॉडेसेस', आणि तिसरा 'स्पॉटलाइट'. 2012 ला 'सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक'च्या मागे 'आर्गो'. 'अनोरा', 'पॅरासाइट', 'स्पॉटलाइट', 'आर्गो': पुढे चारही सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरले. इथपर्यंत आलो आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो!

आता पूर्ण हिशोब. पसंतीक्रम आल्यापासून, 2009 ते 2024, सर्वोत्कृष्ट चित्रपट झाले 16. त्यांतले टोरोंटोचे विजेते चारच: 'द किंग्ज स्पीच', 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह', 'ग्रीन बुक', 'नोमॅडलँड'. उपविजेते धरले की आठ. 'बर्डमॅन', 'कोडा', 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स' आणि 'ओपनहायमर' टोरोंटोला गेलेच नव्हते. म्हणजे तिथे दाखवलेल्या 12 पैकी आठ पहिल्या तिनांत होते. हुकले ते 'द हर्ट लॉकर', 'द आर्टिस्ट', 'मूनलाइट' आणि 'द शेप ऑफ वॉटर'.

12 हा आकडा लहान आहे, आणि 'नोमॅडलँड'चं वर्ष महामारीचं, त्यावर फुली मारणारे असतील तर त्यांचं म्हणणं मान्य. तरीही मला यात नुसता योगायोग दिसत नाही. व्हेनिस आणि कान महोत्सवांत बंद खोलीतली मूठभर ज्युरी ठरवते; टोरोंटोत तिकीट काढून आलेले हजारो प्रेक्षक मत देतात. तिथे पहिलं यायला कुणाचा तरी अतिशय लाडका असावं लागतं. पण ज्यूरीच्या आवडीचा, कडक प्रकृतीचा 'पॅरासाइट' किंवा 'अनोरा' जेव्हा त्याच साध्या प्रेक्षकांत तिसरा येतो, तेव्हा त्याचं प्रेम त्याच्या हक्काच्या चाहत्यांपलीकडे पसरलंय हे कळतं. दुसऱ्या पसंतीचं इतकं लवकर दिसणारं दुसरं चिन्ह मला तरी माहीत नाही. टोरोंटोचा रकाना राहतोय, आणि आता तो तीन घरांचा आहे: विजेता आणि दोन उपविजेते.

साधनांबद्दल दोन शब्द. नॉमिनेशन्स आणि विजेत्यांसाठी अकादमीचा स्वतःचा डेटाबेस सोडून कुठेही जाऊ नका. टोरोंटोच्या उपविजेत्यांसाठी मात्र त्या त्या वर्षाच्या सप्टेंबरमधल्या बातम्या चाळाव्या लागतात. फेरीवार मोजणीसाठी मी ऑनलाइन शीट सोडून लिबरऑफिसवर आलोय. मतपत्रिका वाढल्या की ब्राउझरमधलं शीट रडायला लागतं. आणि सगळ्यांचे अंदाज गोळा करून 'ऑड्स' छापणाऱ्या संकेतस्थळांवरून काहीही उचलू नका. ऑगस्टमध्ये तिथे चित्रपटाचं नाही, दिग्दर्शकाच्या जुन्या पुण्याईचं मोजमाप असतं.

टोरोंटोला न गेलेल्या चारांकडे पाहताना आणखी एक रकाना निकालात निघाला: प्रदर्शनाचा महिना. 'कोडा' जानेवारी 2021 मध्ये सनडान्स महोत्सवात ज्युरीचा आणि प्रेक्षकांचा, असे दोन्ही मोठे पुरस्कार घेऊन आला होता. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर' मार्च 2022 मध्ये लागला, 'ओपनहायमर' जुलै 2023 मध्ये. जुनं उदाहरण हवं असेल तर 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' फेब्रुवारी 1991 मध्ये लागून पुढच्या मार्चमध्ये ऑस्करचे पाचही मोठे पुरस्कार घेऊन गेला. तेव्हा 'सिनर्स' एप्रिलमध्ये आला म्हणून जानेवारीपर्यंत लोक विसरतील, हा आक्षेप मी इथून पुढे विचारात घेणार नाही. जगभरात 36 कोटी डॉलरच्या वर कमाई, रायन कूगलरची स्वतःची मूळ कथा, आणि संगीतापासून छायाचित्रणापर्यंत प्रत्येक शाखेला आपलं वाटेल असं काम. भयपट म्हणून काही जण त्याला तळाशी टाकतील का, एवढीच माझी शंका.

आणि हे लिहितानाच एक गोष्ट डोक्यात आली, तिच्यामुळे सगळा आराखडा बदलतोय. या वर्षीपासून अंतिम फेरीत मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नॉमिनेटेड चित्रपट पाहिलेले असणं सक्तीचं आहे. आपण याची चर्चा लघुपट आणि माहितीपटांच्या संदर्भात केली होती. पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं काय? दहाही पाहिलेला मतदार पाचवा, सहावा, सातवा क्रमांकही विचारपूर्वक देईल. आजवर ज्यांनी चारच पाहिले, त्यांची मतपत्रिका चार नावांनंतर संपू शकत होती. ती आता खालपर्यंत भरलेली येईल. लांब, शांत, परदेशी भाषेतला जो चित्रपट पूर्वी पाहिलाच जात नव्हता, त्याला खालच्या फेऱ्यांत मतं मिळतील. उलट, न पाहता दुर्लक्षित राहिलेला एखादा चित्रपट आता पाहून नापसंत केला जाईल. जुन्या वर्षांवरची पडताळणी या वर्षाला जशीच्या तशी लावता येणार नाही. म्हणून 'दुसरी पसंती' मी दोन भागांत फोडतोय: वरचे तीन क्रम आणि मधले चार.

या नव्या मांडणीत आजची यादी कशी दिसते?

'सिनर्स' सगळ्यात वर. त्याच्याच स्टुडिओचा, वॉर्नरचा, 'वन बॅटल आफ्टर अनदर' 26 सप्टेंबरला येतोय, पण तो व्हेनिसच्या यादीत नाही आणि टोरोंटोच्याही नाही. पॉल थॉमस अँडरसनला आजवर 11 नॉमिनेशन्स आणि एकही ऑस्कर नाही. ही बाकी चुकती करायची इच्छा अकादमीत नक्की आहे. तरी माझ्या शीटला तो अदृश्य आहे, त्यामुळे दुसरं स्थान फक्त माझ्या मताचं, गणिताचं नाही. तिसरा 'हॅमनेट'. 'नोमॅडलँड'ची दिग्दर्शक क्लोई झाओ पुन्हा टोरोंटोत, आणि मुलाच्या मृत्यूची ही गोष्ट तिथल्या प्रेक्षकांत पहिल्या तिनांत यावी असं मला मनापासून वाटतं. चौथा योआकिम ट्रिअरचा 'सेंटिमेंटल व्हॅल्यू', कानचा ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार. तो निऑनकडे आहे. इराणी दिग्दर्शक जाफर पानाहींच्या 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट'नं निऑनला सलग सहावा पाम द'ओर, कानचा सर्वोच्च पुरस्कार, मिळवून दिला, पण निऑनकडे कानमधलेच 'द सीक्रेट एजंट' आणि 'सिराट'सुद्धा आहेत. एकाच घरचे इतके घोडे एकमेकांची पहिली पसंती खाणार. दुसरी पसंती मात्र ते एकमेकांना देतील, आणि तिथे सगळ्यात जास्त फायदा ट्रिअरच्या चित्रपटाचा दिसतो. 'फ्रँकेन्स्टाइन', 'जे केली' आणि 'अ हाऊस ऑफ डायनामाइट' हे नेटफ्लिक्सचे तिन्ही व्हेनिसमध्ये आहेत. त्यांच्याबद्दल आत्ता काहीही बोलणं घाईचं होईल. 'विकेड'चा दुसरा भाग दहांत असेल, जिंकण्याच्या गणितात नाही.

आंतरराष्ट्रीय विभागाचं वेगळं शीट सप्टेंबरमध्ये काढेन, फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ऑस्करसाठी भारताचा चित्रपट जाहीर करेल तेव्हा. नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' कानमधून आता टोरोंटोला चाललाय, त्यामुळे तीन घरांच्या रकान्यात त्याच्यावरही माझी नजर आहे. मनातली इच्छा विचाराल तर रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. सनडान्सला जागतिक विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळालेला मराठी चित्रपट पाठवायला याहून चांगलं वर्ष कुठलं? 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट'नंतर एकही मराठी प्रवेशिका गेलेली नाही. गेल्या वर्षी 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' कानचा ग्रां प्री घेऊन तयार असताना आपण तो पाठवला नाही, ते दुःख अजून ताजं आहे.

टोरोंटोचा निकाल 14 सप्टेंबरला लागेल. तीन नावं आली की त्याच रात्री शीट अद्ययावत करतो. तोवर एक मदत हवीये. आमच्या क्लबाची मतं एका साच्यातली आहेत, हे 2021 च्या मोजणीत दिसलं. म्हणून तुमच्या घरातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींकडून 2021 च्या दहा चित्रपटांतले त्यांनी पाहिलेले क्रमानं लिहून घ्या: 'बेलफास्ट', 'कोडा', 'डोन्ट लुक अप', 'ड्राइव्ह माय कार', 'ड्यून', 'किंग रिचर्ड', 'लिकरिश पिझ्झा', 'नाइटमेअर अ‍ॅली', 'द पॉवर ऑफ द डॉग', 'वेस्ट साइड स्टोरी'. नावं नकोत, फक्त वय आणि क्रम. न पाहिलेल्यांपुढे रेघ मारा, अंदाजानं क्रमांक देऊ नका. मतपत्रिका कुठे संपते तेच मला मोजायचंय.