पक्ष्यामागचं नागपूर

आमच्या फोटोवाल्या ग्रुपवर कुणी खंड्याचा फोटो टाकला की पहिली दाद ठरलेली, "बॅकग्राउंड काय क्लीन आलंय!" पक्ष्याचा नंबर दुसरा. क्लीन म्हणजे काय तर मागे काहीच दिसत नाही, हिरवट नाहीतर पिवळसर गुळगुळीत रंग आणि त्यावर पक्षी कुणीतरी आणून चिकटवल्यासारखा. फोटो सुंदर असतोच, त्यात वाद नाही. पण हा पक्षी आपल्या अंबाझरी तलावाचा की भरतपूरचा की आणखी कुठला हे कसं कळायचं? खाली लिहिलंय म्हणून मानायचं.

यात जादू वगैरे काही नाही. १५०-६०० ची लेन्स पार सहाशेवर न्यायची, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक पूर्ण उघडायचं, पक्षी जवळ हवा आणि मागचं झाड लांब, झालं काम. त्यात जमिनीवर पालथं पडून पक्ष्याच्या डोळ्याच्या लेव्हलला कॅमेरा आणला की मागचं सगळं आणखी लांब जातं आणि आणखी विरघळतं. म्हणून तर हिवाळ्यात सकाळी सकाळी झिल्पी तलावाच्या काठावर चांगली पन्नाशीतली, ऑफिसात ज्यांच्यापुढे लोक उभे राहतात अशी माणसं चिखलात पोटावर पडलेली दिसतात आणि गुरं घेऊन जाणारा पोरगा थांबून विचारतो, "काय हरवलं जी?"

मला मात्र हल्ली मागचं दिसणारे फोटोच जास्त आवडायला लागलेत. म्हणजे पक्षी तर हवाच, शार्प हवा, डोळ्यात चमक हवी, पण त्याच्यामागे नागपूर पण हवं. आणि आपल्या नागपूरला मागे काय काय आहे बघा ना. अंबाझरीला एका बाजूला स्वामी विवेकानंदांचा पुतळा, दुसरीकडे मेट्रोचे पिलर, मधे जलपर्णीचा हिरवा पट्टा आणि त्याच्या कडेकडेने चालणारी जांभळी पाणकोंबडी. फुटाळा तलावावर फाउंटनचं लोखंड, त्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले, कारण त्यांचे पंख पाण्यात भिजतात आणि मग ते असे वाळवत बसावं लागतं, आणि त्यांच्या मागे भुट्ट्याच्या गाड्या. वारकरी म्हणजे तो काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी, तो उडायच्या आधी पाण्यावर चक्क धावत सुटतो, धप धप धप पाणी उडवत, आणि त्या धावण्यात मागे पाण्यात अर्धी बुडालेली मूर्तीची लाकडी चौकट आली तर मी ती फ्रेममधून काढायला जात नाही. आहे ते आहे.

आता गंमत बघा, पाणथळ जागांसाठीचे जे २०१७ चे नियम आहेत ना, त्यात पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी वगैरे माणसाने मुद्दाम बांधलेले तलाव पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळलेत. आणि आपल्याकडचे तलाव बघायला गेलं तर बहुतेक असे कुणीतरी बंधारा घालून केलेलेच. तलवार बदकांना आणि थापट्या बदकांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही, ते बिचारे पार सायबेरियाकडून येतात आणि बंधाऱ्याच्या आतल्या पाण्यात खुशाल उतरतात.

माझा सगळ्यात आवडता फोटो बंड्याचा आहे. बंड्या म्हणजे कवड्या खंड्या, काळा-पांढरा. बाकीचे खंड्या तारेवर नाहीतर काडीवर बसून पाण्याकडे बघत राहतात, हा हवेतच थांबतो. पाण्याच्या वर एका जागी, अंग जवळपास उभं, चोच सरळ खाली, पंख इतके भराभर चाललेले की नुसता धूर दिसतो आणि डोकं मात्र जागचं हलत नाही, अगदी जराही नाही. शटर १/१००० सेकंदावर ठेवलं तर पंखांची टोकं पुसट येतात, १/२५०० ला नेलं की एकेक पीस वेगळं दिसतं. छातीवर दोन काळे पट्टे असले तर नर, एकच आणि तोही मधे तुटलेला असला तर मादी. माझ्या फोटोतली मादी आहे. मग ती पंख मिटून सुळकन खाली गेली, वर आली ती चोचीत आडवी चांदीची रेघ घेऊन, आणि मासोळी एवढीशी असल्यामुळे कुठे बसायला न जाता उडता उडताच गिळून टाकली. आणि या सगळ्याच्या मागे, जरासा धूसर पण ओळखू येईल असा, मेट्रोचा डबा. ग्रुपवरच्या एका सिनियर काकांनी लगेच लिहिलं, डबा काढून टाक, हल्ली फोनवर पण एका बोटाने निघतो. निघतो की, मान्य. पण एक तर चांगल्या स्पर्धांमधे असं काही खोडलेलं चालत नाही, कॅमेऱ्यातली मूळ, हात न लावलेली रॉ फाइल मागतात, आणि दुसरं म्हणजे काहून काढू? ती मादी तिथेच मासे धरते आणि डबा तिथूनच जातो.

शिवाय मागचं दिसत असलं की फोटोचं वय कळतं. अंबाझरीजवळून जाणारी मेट्रो जानेवारी २०२० मधे सुरू झाली, त्यामुळे जुन्या फोल्डरमधे टिबुकलीच्या, त्या छोट्या पाणपक्ष्याच्या, मागे वर काहीच न बसवलेले नुसते पिलर दिसले की मी तारीख न बघता सांगतो, त्याच्या आधीचा आहे. हेच त्या हिरव्या गुळगुळीत फोटोंचं बघा, दहा वर्षांपूर्वीचा आणि कालचा शेजारी ठेवला तर फरक फक्त मेगापिक्सेलचा.

नोव्हेंबरमधे पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा, त्या मधले दिवस. चितमपल्लींचं तर कितीतरी वर्षं वास्तव्य आपल्या नागपुरातच होतं. त्या आठवड्यात कुठे ना कुठे प्रदर्शन लागतं, आणि मी मुद्दाम भिंतीपासून लांब उभा राहून बघतो, ओळीने सगळे हिरवे चौकोन. हरियल हिरवा, मागे हिरवं. वेडा राघू हिरवा, मागे हिरवं. अरे पण हा हरियल आपला राज्यपक्षी, आणि तो उंबराला फळं धरली की भर वस्तीत येऊन बसतो, खाली स्कूटी लावलेल्या असतात, ते दाखवा ना कुणीतरी.

एका ठिकाणी मात्र मी पण पक्का क्लीनवाला आहे. घरटं, पिल्लं आणि घुबडं. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग येतो, त्या दिवसांत कुणी घरट्याच्या आसपासचा फोटो टाकला आणि मागे ओळखीचा वळणाचा रस्ता नाहीतर नंबर टाकलेलं झाड दिसलं की पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावणारे महाभाग पण त्यातच. तिथे बॅकग्राउंड पार धुवून काढा, गावाचं नाव पण लिहू नका, आणि खरं तर घरट्याचे फोटो काढूच नका, बऱ्याच स्पर्धांनी ते घ्यायचं बंदच केलंय.

आणि आपलं ऊन. मार्च लागला की साडेआठ-नऊ नंतर तलावावरची हवा हलायला लागते, गरम हवा आणि गार हवा एकमेकींत मिसळताना उजेड वाकडातिकडा होतो, मग लेन्स दोन लाखांची असो की वीस हजारांची, लांबचा पक्षी मऊच येणार. लोक सर्व्हिस सेंटरला जाऊन फोकस तपासून येतात. लेन्सला काही झालेलं नसतं हो, नागपूर झालेलं असतं. त्यावर उपाय एकच, लवकर जा किंवा जवळ जा, आणि पक्षी काही जवळ येऊ देत नाही, म्हणजे लवकरच जा आणि परत येताना तर्री पोहे खा.

मागच्या हिवाळ्यात पट्टकादंब हंस बघायला मित्राला सोबत नेलं होतं. हिमालय ओलांडून आलेला अख्खा थवा पाण्याच्या पलीकडच्या काठावर, मागे विजेचे टॉवर, पलीकडे एक ट्रॅक्टर, आणि वर भलंमोठं आभाळ. मला तर फ्रेम जाम आवडली, घरी येऊन मोठा प्रिंट काढला, हॉलमधे लावला. मित्र चहा पीत बराच वेळ त्याच्यासमोर उभा होता. मग म्हणाला, "अबे, पन यात पक्षी कुठं आहेत?"

"डावीकडून तिसऱ्या टॉवरच्या खाली बघ."

"हाव बे," म्हणे, "ते मले ढेकळं वाटले."