आमची वाटचाल: एका रुपयाचा फरक

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही 2011 पासून सॉफ्टवेअर करतो. सौदा, काटा, पट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब), उचल (आगाऊ घेतलेले पैसे), रोजमेळ (दिवसाचा जमाखर्च), सगळं. पहिल्या आठ वर्षांत दुकानं वाढत गेली, विश्रामबागेत दोन खोल्यांचं ऑफिस झालं. सांगायचंय ते 2020 च्या फेब्रुवारीचं. त्या महिन्यात आम्ही जवळजवळ बुडालो होतो.

आमचा प्रोग्राम पायथॉन 2 मध्ये होता, म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत. 1 जानेवारी 2020 पासून त्याला कुणी वाली राहणार नाही, हे आधीपासून माहीत होतं. पण ऑगस्ट 2019 च्या महापुरात गिऱ्हाइकांची मशीन भिजली, ती उभी करता करता दिवाळी आली. डिसेंबरात घाईघाईने पायथॉन 3 वर आलो. हळदीचा हंगाम सुरू झाला आणि काही पट्ट्या रुपयाने कमी निघायला लागल्या.

सगळ्या नाही, काहीच. 12 क्विंटल 25 किलो राजापुरी हळद, दर क्विंटलला 8,250, म्हणजे 1,01,062 रुपये 50 पैसे. आधी पट्टीवर 1,01,063 यायचे, आता 1,01,062. तोच माल 8,150 ने गेला की 99,837.50 चे बरोबर 99,838. आठवडाभर कुणालाच कोडं सुटेना. पायथॉन 3 चं राउंड, म्हणजे पैसे काढून पूर्ण रुपये करणं, नेमक्या अर्ध्यावर जवळच्या सम आकड्याकडे जातं, पायथॉन 2 चं वर जायचं. म्हणून पन्नास पैशांवर आलेल्या निम्म्या पट्ट्या बरोबर, निम्म्या चूक.

रुपयाने काय होतं, असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस अडतीवर बसावं. शेतकरी पट्टी घेऊन परत येतो, दिवाणजींचा रोजमेळ जुळत नाही, रात्री अकरापर्यंत दुकानात दिवा जळतो. पुण्याच्या एका कंपनीची माणसं त्याच आठवड्यात यार्डात फिरत होती. ‘त्यांना बेरीज येत नाही’ असं त्यांनी दुकानादुकानांत सांगितलं. बेरीज आमची कधीच चुकली नव्हती. पण 23 पैकी 9 दुकानं गेली, दोघांनी मागची एएमसीही (वर्षाच्या देखभालीचे पैसे) दिली नाही. चूक आमची होती, ती मी त्याच दिवशी कबूल केली. बेरजेचं बोलणं मात्र खोटं होतं आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

जास्त लागलं ते वेगळंच. आमच्याकडे ऑटोमेटेड टेस्ट होत्या, म्हणजे प्रोग्राम आपोआप तपासणाऱ्या; उत्तर जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल. सेलेनियमवर (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) चाळीस, स्क्रीन उघडून पट्टी भरून बघणाऱ्या, पंचवीस मिनिटं चालायच्या. पायथॉन बदलल्यावर त्यातल्या तीन लाल झाल्याही होत्या. मीच आमच्या प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराला म्हणालो, संध्याकाळपर्यंत सगळं हिरवं पाहिजे. त्याने टेस्टमधलं अपेक्षित उत्तर बदललं, प्रोग्राम जे देत होता ते लिहिलं, आणि सगळं हिरवं झालं. मुळात ती उत्तरंही आम्ही प्रोग्राम चालवूनच लिहिली होती. ज्याची परीक्षा घ्यायची, त्यालाच उत्तरपत्रिका तपासायला बसवलं होतं.

नाना आमचे पहिले गिऱ्हाईक. त्यांनी मला दुकानात बोलावलं. म्हणाले, “चूक सापडली न्हवं? मग परत होणार न्हाई हे मला कसं दावतोस?” मी म्हटलं, नाना, चुका आहेत हे टेस्टने दाखवता येतं, एकही उरली नाही हे दाखवता येत नाही. (संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी हे 1969 मध्येच सांगून ठेवलंय.) पण झालेली चूक पुन्हा शिरली तर त्याच दिवशी कळेल, एवढं करतो. त्यांनी दिवाणजींना हाक मारली आणि लाल फडक्यात बांधलेल्या जुन्या पट्ट्यांचे दोन गठ्ठे माझ्यासमोर ठेवले. सगळ्या हाताने केलेल्या.

त्यातून आम्ही 340 पट्ट्या एका साध्या फाइलमध्ये भरल्या. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, आणि शेवटी दिवाणजींनी काढलेली रक्कम. पायटेस्टमध्ये (पायथॉनच्या टेस्ट चालवणारं साधन) एक टेस्ट लिहून तिला सगळ्या ओळी दिल्या की 340 टेस्ट होतात. स्क्रीन नाही, डेटाबेस नाही, फक्त पट्टीचा हिशोब; चार सेकंदांत संपतं. पहिल्यांदा 31 लाल. एकेक ओळ बघितली. चार ठिकाणी दिवाणजींचीच नजरचूक होती, त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतः ताडून बघितली आणि मान्य केली. बाकी 27 आमच्या. सगळी रक्कम डेसिमलमध्ये (पायथॉनचा दशांश नेमके धरणारा आकड्यांचा प्रकार) नेली, अर्धा आला की वर असा नियम स्पष्ट लिहिला, तेव्हा त्या एकामागून एक हिरव्या झाल्या. पोरगा टेबलावरून उठेना.

तेव्हापासून टेबलाखालच्या जुन्या डेस्कटॉपवर जेन्किन्स चालतं, कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारं. कुणीही कोड टाकला की आधी या टेस्ट, मग बाकीचं. सेलेनियमच्या सहाच ठेवल्या, लॉगिन, पट्टी छपाई, रोजमेळ बंद करणं वगैरे.

नवीन पोरं येतात त्यांना मी सांगतो, इथेही सांगतो. टेस्ट लिहिलीत की एकदा कोड मुद्दाम मोडून ती लाल होते का बघा. कधीच लाल न झालेल्या टेस्टवर मी विसंबत नाही. एका टेस्टने भरलेली उचल दुसरीने वापरायची नाही, नाहीतर क्रम बदलला की दोन्ही पडतात. आजची तारीख टेस्टमध्ये घड्याळातून घेऊ नका, एक एप्रिलला वर्ष बदलतं आणि सकाळी सकाळी फोन सुरू होतात. शून्य पोती, एक पोतं, मालापेक्षा उचल जास्त, हे आधी तपासा. गिऱ्हाइकाने चूक सांगितली की दुरुस्तीला हात लावण्याआधी तीच पट्टी टेस्ट म्हणून लिहा. आणि लाल टेस्टचं उत्तर बदलायचं असेल तर आमच्याकडे दोघांची सही लागते, त्यातली एक माझी.

नंतरची वर्षं बरी गेली. गेलेल्या नऊपैकी पाच दुकानं परत आली. सगळ्यात मोठं अजून पुणेवाल्यांकडे आहे, त्याच्यासमोरून जाताना मी पाटीकडे बघतोच.

फाइलमध्ये आता 1,200 च्या वर ओळी आहेत. दिवाणजी दर हंगामाच्या शेवटी वांध्याच्या पट्ट्या पाकिटात घालून ठेवतात, ‘ह्या तुमच्या मशीनला द्या’ म्हणून. यंदाचं पाकीट आणायला शनिवारी मीच जाणार आहे.